मराठन की दौड

भोंगेवाल्याचा टांगा ग्वाल्हेरच्या किला गेटच्या चौकात थांबला, तेव्हा मी आणि पांडुरंगराव कचोरी खात उभे होतो. टांग्यातला माणूस पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून ओरडला, "सुनो भाइयो, सुनो! दिवाली के बाद वाले इतवार को, मुरार के मैदान से, मैराथन की दौड! जिसको दौडना हो, नाम लिखा दे!"

आता 'मैराथन' हे मी आज लिहितो आहे. त्या दिवशी आम्ही दोघांनी ऐकलं ते 'मराठन की दौड'. इकडच्या बोलीत असंच म्हणतात. बामनन को मोहल्ला, ठाकुरन को कुआँ. तसं मराठन की दौड म्हणजे मराठ्यांची दौड. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

पांडुरंगरावांचा घास तोंडातच राहिला. "महिपतराव, ऐकलंत? आपली दौड!"

"ऐकलं. पण आपल्याला का पळवून राहिलेत?"

"मान आहे तो, मान!" पांडुरंगराव म्हणाले, आणि आनंदाच्या भरात त्यांनी आणखी दोन कचोऱ्या मागवल्या. ते पूर्वी राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर कारभारी होते. मुदपाकखाना गेला, पण पोट तिथलंच राहिलं होतं.

सन छप्पनची गोष्ट. संस्थान जाऊन मध्य भारत झाला होता आणि आता मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश होणार होता. आमचं घर जागचं हललं नाही, पत्ता मात्र सारखा बदलत होता. आमची पलटण मोडून काही वर्षं झाली होती. मी तिच्यात हवालदार होतो, आता गिरणीच्या फाटकावर बसत होतो. राजधानी भोपाळला जाणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, कपाटं बैलगाड्यांत भरून स्टेशनकडे जाताना दिसत होती. अशा दिवसांत सरकारला मराठ्यांची आठवण झाली, ती कुणाला नको होती?

आम्ही थेट सुभेदारसाहेबांकडे गेलो. मानसिंगराव आमच्या पलटणीचे सुभेदार. साठीला आले होते, पण रोज पहाटे किल्ल्याचा चढ चढून उतरायचे आणि मग मिशांना तेल लावून ओट्यावर बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणी ठेवली आहे दौड?"

"सरकारनं."

"जुन्या की नव्या?"

"होणाऱ्या," पांडुरंगराव म्हणाले.

सुभेदारसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "म्हणजे अजून झालंही नाही आणि आपल्याला विचारतंय. ठीक आहे. सगळ्यांना उद्या सकाळी फूलबागेपाशी बोलवा."

बोलावण्यावरून पहिला वाद झाला. रमाकांतांना घ्यायचं की नाही? रमाकांतांचं घराणं दरबारच्या पुरोहितांचं, ते स्वतः कचेरीत कारकून. ब्राह्मण माणूस मराठ्यांच्या दौडीत कसा चालेल, असं पांडुरंगरावांचं म्हणणं. सुभेदारसाहेबांनी निकाल दिला, "इथल्या लोकांना तुम्ही-आम्ही एकच. परवा भाजीवाली मला पंडितजी म्हणाली. घ्या त्यांना."

मला त्या वेळी वाचता येत नव्हतं. त्यामुळे कचेरीच्या पाटीवर लावलेली सूचना रमाकांतांनीच वाचली आणि आम्हाला येऊन सांगितलं. "सगळं बरोबर आहे. फक्त 'म'वर दोन मात्रा जास्त पडल्या आहेत आणि ठ चा थ झाला आहे. नवे कारकून. उत्साहाच्या भरात होतं असं."

त्याच सूचनेखाली त्यांच्या साहेबांनी आणखी एक ओळ लिहिली होती, आणि ती मात्र रमाकांतांनी नीट वाचली. आमच्यातला सगळ्यांत तरुण बळवंत त्याच कचेरीत चपराशी होता. कचेरी भोपाळला निघाली होती आणि बळवंतचं नाव जाणाऱ्यांत होतं. साहेबांनी लिहिलं होतं, कचेरीतला जो माणूस दौडीत पहिल्या तिघांत येईल, त्याला ग्वाल्हेरच्या खेळाच्या तुकडीत ठेवू, भोपाळला धाडणार नाही.

बळवंतला राहायचं होतं. राहायलाच हवं होतं. त्याची आई सुलोचनाबाई विधवा, हा एकुलता एक. सुलोचनाबाईंनी सांगून टाकलं होतं, "मी ग्वाल्हेरची वेस ओलांडणार नाही. या घरात आले, या घरातून जाईन." बायको दुर्गा पोटुशी, तिला सातवा लागला होता. सासूला एकटी टाकून ती कशी निघणार? म्हणजे बळवंतनं एकट्यानं भोपाळला जायचं, कुठल्या तरी खोलीत हातानं भाकरी थापायची आणि पोर झालं की पोस्टकार्डावरून कळून घ्यायचं.

"तू पळू शकतोस?" मी त्याला विचारलं.

"हवालदारसाहेब, पलटणीत टपाल मीच पळवायचो ना."

ते खरं होतं. पोरगा हरणासारखा होता. त्यामुळे आम्हाला वाटलं, झालं काम. आपण नावाला पळू, बळवंत जिंकेल.

पहिल्या सकाळीच घोटाळा लक्षात आला.

फूलबागेपासून आम्ही सगळे निघालो. सगळ्यांत पुढे सुभेदारसाहेब, धोतराचा काचा मारून, छाती काढून. त्यांच्यामागे मी. मग रमाकांत, मग बळवंत. पांडुरंगराव टांग्यातून येत होते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वेळ बघायला. सुभेदारसाहेबांची चाल एकसारखी होती, न थकणारी, पण वेगाची नाही. मी बाजूला होऊन बळवंतला म्हटलं, "जा बा, निघ पुढे." तो माझ्या पुढे गेला, सरसर सुभेदारसाहेबांच्या खांद्यापर्यंत पोचला, आणि कुणी लगाम ओढावा तसा थबकला. परत एक हात मागे. पुन्हा खांद्यापर्यंत, पुन्हा मागे.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी त्याला एका बाजूला घेतलं. "काय करून राहिलास? पुढे का जात नाहीस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "त्यांना पाठ कशी दाखवू?"

बाहेरच्यांना हे सांगून कळायचं नाही. आमच्याकडे वरच्या माणसाला पाठ दाखवायची नाही, ही रीत. दरबारात मुजरा करून निघायचं ते तोंड गादीकडे ठेवून, उलट्या पावली, थेट दारापर्यंत. बळवंतचा बाप राजवाड्यात हुजऱ्या होता, त्याचा जन्म उलटं चालण्यात गेला. पोरगा बापाकडून तेच शिकला, आणि वर पलटणीत सुभेदारसाहेबांच्या हाताखाली वाढला. त्यांनीच त्याला कचेरीत लावलं. आता त्यांच्या पुढे पळायचं म्हणजे मैलभर त्यांना पाठ दाखवायची.

"अरे पण ही दौड आहे!"

"मला कळतं ते. पायांना कळत नाही."

सुभेदारसाहेबांना हे सांगणार कोण? त्यांना वाटत होतं पोराला दम नाही. म्हणून ते त्याला उलट हिंमत देत होते. "ये बळवंता, ये! माझ्या पाठीकडे बघ आणि ये! पाठ सोडू नकोस!" आणि बळवंत बिचारा पाठ सोडत नव्हता.

रमाकांतांनी उपाय काढला. बळवंतला आधीच पुढे सोडायचं. सुभेदारसाहेब मागून आले तर त्यांना ओलांडायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी तसं केलं. बळवंत आधी निघाला, पण सुभेदारसाहेब मागून येताहेत हे कळल्याबरोबर तो वळून वळून बघायला लागला, मग तिरका पळायला लागला, आणि पुलाच्या उतारावर तर साफ उलटा, तोंड आमच्याकडे करून. एका म्हशीवर जाऊन आदळला. म्हैस शांत होती, म्हशीचा मालक नव्हता.

"पोराच्या डोक्याला ताण झालाय," सुभेदारसाहेब म्हणाले. "भोपाळची काळजी. याला रोज बदाम द्या."

दुर्गा रोज बदाम भिजवून द्यायला लागली. बदामानं बळवंत आणखी जोरात पळायला लागला, पण सुभेदारसाहेबांच्या पाठीपर्यंतच.

"वहिनी, सुभेदारसाहेबांना पळू नका म्हणून तुम्हीच सांगा ना," रमाकांत एकदा सुलोचनाबाईंना म्हणाले, खरं कारण मात्र गिळून टाकलं. सुलोचनाबाईंनी पदर पुढे ओढला. आमच्या घराण्यांतल्या बायका परक्या पुरुषाशी थेट बोलत नसत. दाराशी बोलायचं, खुंटीशी बोलायचं आणि पुरुषानं ऐकून घ्यायचं. सुलोचनाबाई दाराच्या कडीला म्हणाल्या, "पळायचं काम पुरुषांचं, तर बोलायचं काम बायकांनी का करावं? आणि माझं पोर मागे पडतंय हे मला पटत नाही. बदामात खोट असेल."

मग आला नाव लिहायचा दिवस. मुरारच्या मैदानावर एका तंबूत व्यायामाचे एक मास्तर बसले होते. आमच्या पुढे रांगेत कॉलेजची पोरं, फौजेतला एक शीख शिपाई आणि डोक्याला फेटा गुंडाळलेला एक दूधवाला. सुभेदारसाहेबांनी दूधवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आप मराठा हो?"

"ना साहब, गूजर हूँ. दूध को काम है."

"फिर इस दौड में कैसे?"

"काहे, दूधवालन की मनाही है का?"

"मनाही नहीं. पण दौड मराठन की है ना?"

दूधवाला आमच्याकडे बघत राहिला. मग सरदारजी हसले, मग पोरं हसली. शेवटी मास्तरांना तंबूतून बाहेर यावं लागलं. भला माणूस, हसला नाही. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि सगळी हकीकत सांगितली. फार पूर्वी, सातासमुद्रापार, यूनान नावाचा मुलुख. तिथे मैराथन नावाच्या गावाच्या मैदानात मोठी लढाई झाली. फौज जिंकली. जिंकल्याची खबर द्यायला एक शिपाई तिथून राजधानीपर्यंत पळत गेला, खबर दिली आणि तिथेच मेला. त्याच्या आठवणीची ही दौड.

रमाकांत आपल्या चपलेकडे बघत होते. त्या दोन मात्रा त्यांना आता दिसत असाव्यात.

"पायदळातला होता?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"हां जी, पैदल सिपाही."

"मग घोडेस्वार काय करत होते?"

मास्तरांनी रमाकांतांकडे पाहिलं. रमाकांतांनी प्रश्नाची हिंदी करून दिली, तेव्हा ते आपली वही चाळायला लागले.

"जिंकला, खबर दिली, मग मेला. हुकूम पुरा केल्याशिवाय नाही मेला," सुभेदारसाहेब हळूहळू म्हणाले. "गावाचं नाव काय म्हणालात?"

"मैराथन."

"दक्षिणेत असेल कुठेतरी," ते म्हणाले आणि उठले. "महिपतराव, नावं द्या."

पांडुरंगरावांना वाटलं होतं, आता सगळं रद्द होईल. त्यांनी विचारलं, "पण साहेब, ही आपली दौड नाहीच तर..."

"बळवंतची तर आहे ना?"

नावं दिली. आमच्या बरोबरीचं कुणी नाही म्हणून आम्ही खुशीत होतो, आता तो शीख, तो दूधवाला आणि ती लांब पायांची पोरं डोळ्यांपुढे नाचायला लागली. पहिल्या तिघांत यायचं सोपं राहिलं नव्हतं. घरी येताना मी सुभेदारसाहेबांना आडून आडून सुचवलं, "आपण यंदा नुसतं बघायला थांबावं का? वय..."

"मी थांबलो तर बळवंतला ओढणार कोण?" ते म्हणाले.

दिवाळी झाली. फराळाचं कुणी बळवंतला खाऊ दिलं नाही. त्याच्या वाट्याचे अनारसे पांडुरंगरावांनी, त्याचा पळायचा वेग टिकावा म्हणून, स्वतः खाल्ले.

इतवारी सकाळी थंडी पडली होती. मुरारच्या मैदानावर झेंडे, सतरंज्या, खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब लोक. बळवंतचे साहेबही होते, गळ्यात मफलर. मास्तरांनी सांगितलं, खरी मैराथन याच्या दुप्पट असते, पण ग्वाल्हेरला सुरुवातीला एवढी पुरे. मुरारहून लष्कर भागातल्या बाड्याच्या चौकापर्यंत जायचं, तिथून परत फिरून हजिरा मोहल्ल्यावरून किला गेट, आणि किला गेटवरून परत मुरार. शिट्टी झाली आणि सगळे सुटले.

कॉलेजची पोरं अशी पळाली, जणू मागे कुत्रं लागलंय. दूधवाला आणि शीख त्यांच्या मागे. आम्ही आमच्या रांगेनं, सुभेदारसाहेब पुढे. रमाकांत बाड्यावर पोचले आणि म्हणाले, "मला आता आत्मा वेगळा आणि शरीर वेगळं दिसतंय." ते तिथेच पांडुरंगरावांच्या टांग्यात चढले. मी सुभेदारसाहेबांच्या चालीवर टिकलो होतो. माझ्या बाजूला बळवंत. त्याचा श्वास चढलेला नव्हता. कपाळाला घाम धड नव्हता. तो पळत नव्हता, माणसाच्या मागे चालायला निघाला होता.

हजिऱ्याजवळ पोरं दिसायला लागली. काही बसली होती, एक ओकत होता. त्यांना आम्ही मागे टाकलं. सुभेदारसाहेब ओरडले, "बघितलंस बळवंता? घाई करणाऱ्यांचं काय होतं बघ. माझ्या मागे राहा!"

"जी साहेब," बळवंत म्हणाला. आवाज रडवेला होता.

किला गेटला दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. दुकानांपुढे, गच्च्यांवर. दिव्याच्या खांबापाशी सुलोचनाबाई आणि दुर्गा. सुलोचनाबाईंनी त्याआधी शिखाला जाताना पाहिलं होतं, दूधवाल्याला पाहिलं होतं, धापा टाकत गेलेली काही पोरं पाहिली होती. मग सुभेदारसाहेब आले, आणि त्यांच्यामागे आपला मुलगा, खांद्यापर्यंत जातोय आणि मागे येतोय. त्या बाईला एका क्षणात सगळं कळलं. आम्ही महिनाभर जे सांगू शकलो नाही, ते.

"अगंबाई!" त्या दुर्गाला म्हणाल्या. "याच्या बापाचीच खोड!"

पदर सावरून त्या खांबाला म्हणाल्या, मोठ्यांदा, "अरे खांबा, त्या सुभेदारांना सांग, जरा बाजूला व्हा म्हणावं!"

खांबानं सांगितलं नाही. सुभेदारसाहेब पुढे निघाले होते. तेव्हा सुलोचनाबाईंनी डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ दिला आणि सबंध किला गेटला ऐकू जाईल अशी हाक मारली, "मानसिंगराव! थांबा!"

सुभेदारसाहेब जागेवर थांबले. त्यांना नावानं हाक मारणारं त्या गावात कुणी उरलं नव्हतं. बळवंतही थांबला, टाचा जुळवून.

"माझं पोर तुमच्या पाठीमागे अडकलंय! त्याला पाठ दाखवता येत नाही तुम्हाला! तुम्ही कसली हिंमत देता त्याला, तुम्हीच त्याच्या पायातला खोडा झाला आहात!"

सुभेदारसाहेब वळले. आधी सुलोचनाबाईंकडे बघितलं, मग बळवंतकडे.

"का रे थांबलास?"

"आपण थांबलात म्हणून."

"दम आहे तुझ्यात?"

"आहे, साहेब."

"किती?"

बळवंतकडे नुसतं बघितलं तरी कळत होतं. सुभेदारसाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता थप्पड बसणार.

"माझा हुकूम आहे. पुढे हो."

बळवंतनं पाऊल उचललं. एक, दोन, खांद्यापर्यंत आला. पाय थांबले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "होत नाही, साहेब. खरंच होत नाही."

मागून एक पोरगा लंगडत आम्हाला ओलांडून गेला. मग आणखी एक. सुलोचनाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

सुभेदारसाहेबांनी चहूकडे पाहिलं, आणि मग तरातरा रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीपाशी गेले. भिंतीला नाक लागेल इतके जवळ, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात पुढे बांधले.

"मी इथे नाही," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मला कुणी दिसत नाही. कुणी कुणाला पाठ दाखवत नाही. महिपतराव, सांगा त्याला!"

सांगायला वेळच कुठे मिळाला? बळवंतनं त्या पाठीला सलाम ठोकला आणि सुटला. असा माणूस पळताना मी त्याआधी पाहिला नव्हता. महिनाभराचे बदाम एकदम कामी लागले. लंगडणारे दोघे तर वळणापर्यंतही टिकले नाहीत. गर्दी ओरडत होती. दुर्गा पोट धरून ओरडत होती.

"गेला का?" भिंतीकडून आवाज आला.

"गेला, साहेब. पण अजून दिसतोय. थांबा जरा."

ते थांबले, आणि तेवढ्यात शिपाई आला. चौकीतला, नवा, या भागातला नसावा. त्यानं पाहिलं की एक म्हातारा, काचा मारलेला, दोन्ही हात पुढे घेऊन, भर बाजारात बायकांसमोर भिंतीला तोंड करून उभा आहे. तो जे समजायचं ते समजला.

"ए बाबा! सरम नईं आती?"

सुभेदारसाहेब हलले नाहीत. बळवंत अजून दिसत होता ना. शिपायानं खांद्याला हात घातला तेव्हा ते वळले आणि नुसतं बघितलं. त्या बघण्यानं पलटणीत माणसं गारठायची. शिपाई गारठला नाही, त्यानं त्यांना चौकीत नेलं. मी मागे, सुलोचनाबाई मागे, दुर्गा मागे, आणि अर्धं किला गेट मागे.

ठाणेदार पान खात बसले होते. "क्या किया?"

एका चपराशासाठी आपण भिंतीकडे तोंड केलं, हे सुभेदारसाहेबांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी सांगायला लागलो, पण माझी हिंदी घाबरली की मराठी होते. दरबार, गादी, मुजरा, पाठ, म्हैस, सगळं एकदम बाहेर आलं. ठाणेदारांनी म्हशीचं तेवढं लिहून घेतलं.

"भैंस किसकी है?"

तेव्हा सुलोचनाबाई पुढे आल्या. आता त्यांना खांबाची गरज उरली नव्हती. "साहब, दीवार पे हाथ लगा के देखो. सूखी है!"

ठाणेदारांनी शिपायाला पाठवलं. शिपाई परत आला आणि हात चड्डीला पुसता पुसता म्हणाला, "हुजूर, वा दीवार तो कभऊँ ना सूखती."

ते मात्र खरं होतं.

"इनने नहीं किया!" सुलोचनाबाई म्हणाल्या. "ये मेरे बेटे के लिए खडे थे!"

"बेटे के लिए?" ठाणेदारांनी पान थुंकलं. "बेटा खुद नहीं कर सकता?"

दुर्गाला हसू आलं, तिनं तोंड फिरवलं. सुभेदारसाहेब मात्र कशातच नव्हते. ते दाराकडे बघत होते. मला ठाऊक होतं ते कशाची वाट बघताहेत. चौकीत कुणाला दंड होतो, कुणाला कैद होते, त्यांना काही नव्हतं. मुरारला काय झालं, एवढंच हवं होतं. आम्हा सगळ्यांना तेच हवं होतं. वेळ गेला. ठाणेदारांनी चहा मागवला, आम्हालाही दिला. कुणी प्याला नाही.

मग बाहेर सायकलची घंटी वाजली आणि दुधाचे डबे खडखडले. तो मुरारचा दूधवाला. गळ्यात झेंडूची माळ, मागे कॅरियरवर बळवंत, धुळीनं भरलेला. आम्ही चौकीत आहोत हे त्यांना किला गेटवर कुणीतरी सांगितलं होतं.

बळवंत आत आला. तो सुभेदारसाहेबांसमोर उभा राहिला आणि त्याला बोलता येईना.

"अरे बोल ना!" सुलोचनाबाई ओरडल्या.

"तीसरो आयो है!" दूधवालाच म्हणाला. "मैं पहलो, सरदारजी दूसरे, और जे तीसरो. और थोडी सडक होती तो मोय भी पकड लेतो!"

"साहेबांनी...?" मी विचारलं.

"साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं," बळवंत म्हणाला. "भोपाळच्या यादीतून नाव काढलं."

सुभेदारसाहेब इतका वेळ उभे होते, ते आता बाकावर बसले. चहाचा पेला उचलला, गार झाला होता, एका घोटात प्याले. मग म्हणाले, "सरदारजी किती पुढे होता?"

"हातभर, साहेब."

"हातभर!" त्यांनी मान हलवली. "तिथे जरा जोर लावायचा होता."

ठाणेदारांना आता बाहेरच्या गर्दीचा कंटाळा आला होता. ते शिपायाला म्हणाले, "इन्हें जाने दो. और वो दीवार पे चूना लगवा दो, बारबार मत पकडो किसी को."

आम्ही सगळे बळवंतच्या घराकडे निघालो. रमाकांत आणि पांडुरंगराव वाटेत टांग्यासकट मिळाले. सुलोचनाबाई इतक्या भराभर चालत होत्या की आम्ही मागे पडलो. "चला लवकर," त्या म्हणाल्या, "बोचकी सोडायची आहेत."

"कसली बोचकी?" बळवंतनं विचारलं.

उत्तर दारातच होतं. ओसरीवर चार मोठी बोचकी बांधलेली, एक ट्रंक दोरीनं आवळलेली, देव लाल फडक्यात गुंडाळलेले. चूल तेवढी घरात राहिली होती, आणि तीही मातीची म्हणून. दाराच्या उंबऱ्यावर जातं ओढत आणून ठेवलेलं. ते ओलांडल्याशिवाय कुणाला आत जाता येईना.

बळवंत आईकडे बघत राहिला. "तू तर म्हणत होतीस, ग्वाल्हेरची वेस ओलांडणार नाही!"

"म्हणत होते."

"आणि हे?"

"सासूबाईंनी दसऱ्यापासून बांधायला घेतलंय," दुर्गा हळूच म्हणाली. "मला शपथ घातली होती."

"तू हरला असतास तर तुला एकट्याला का पाठवणार होते मी?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि तेव्हाच सांगितलं असतं, येते भोपाळला, तर तू पळाला असतास का? मानसिंगरावांच्या मागे फिरत बसला असतास जन्मभर."

सुभेदारसाहेब मोठ्यांदा हसले. त्यांना असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

"ठीक आहे," ते म्हणाले, "आता हे जातं आत घ्या."

जातं जड होतं. बाई ते एकटीनं उंबऱ्यापर्यंत कसं ओढून घेऊन आली, देव जाणे. मी एका बाजूनं धरलं, रमाकांतांनी दुसऱ्या, बळवंतनं मधून. पांडुरंगराव अनारशांच्या डब्याचं बोचकं सोडता सोडता आम्हाला कसं उचलायचं ते सांगत होते. आम्ही एकदम उचललं आणि बळवंतच्या कंबरेत काहीतरी कट्ट झालं.

इतवारी मुरारपर्यंत पळालेला माणूस सोमवारी पालथा पडून होता. दुर्गा गरम विटेनं शेकत होती. रमाकांतांनी कचेरीत साहेबांना सांगितलं, दौडीचा शीण आहे. साहेबांनी खुशीनं रजा दिली, वर आपल्या घरून बदाम पाठवले. जात्याचं नाव कुणी काढलं नाही.